विहिरीवरून गेलेली गोलाई

मी दुसरीतनं शाळा सोडली, तरी रुळाची गोलाई मला कळते. ज्याला पटत नसेल त्यानं समोर येऊन बोलावं.

सत्तरच्या आसपास कोरेगावाकडं छोट्या लाईनीची मोठी लाईन करायचं काम निघालं. मी रूळ टाकणाऱ्या गँगमध्ये लागलो. छोटी गाडी टेकाडाला शेळीसारखी चटकन वळायची. मोठीला तसलं वळण चालत नाही, तिला लांबून सावकाश वळवावी लागते. त्यामुळं नवी लाईन आमच्या रानातून, नेमकी विहिरीवरून निघाली. ती विहीर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरुंग लावून स्वतः खोदलेली. सगळं रान तिच्यावर होतं.

गोलाईच्या खुंट्या मारल्या. दुपारी आम्ही भाकरी खायला बसलो, तेवढ्यात आबांनी विहिरीजवळच्या खुंट्या उपटून वीतभर पलीकडं रोवल्या. आमच्याकडं शेजाऱ्याचा बांध असाच कोरतात, दर साली थोडा थोडा. आबांना वाटलं, लाईनही तशीच सरकेल.

लाईन आखणाऱ्या साहेबानं दोरी लावली आणि खुंट्या लगेच उघड्या पडल्या. मुकादम मला म्हणाला, "गड्या, तुझा बाप लय हुशार. रेल्वेचाबी बांध कोरतोय."

सगळे हसले. मी साहेबापुढं गेलो. "साहेब, गोलाई जरा आवळा, विहीर तेवढी सोडा." जन्मात मी कुणाला विनवलं नव्हतं.

साहेब रागावला नाही. त्यानं दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोन्ही टोकं गोलाईवर ठेवायची आणि मधे दोरी आणि गोलाईत किती अंतर पडतं ते बघायचं. ते सगळीकडं सारखं पाहिजे. विहिरीपाशी आवळलं की तिथंच अंतर वाढायचं, म्हणजे गाडी तिथंच रूळ सोडणार. सगळी गोलाई उचलून पलीकडं न्यावी, तर ओढ्यावरचा पूल बांधून झालेला. मी पुन्हा पुन्हा दोरी धरून बघितली. दोष द्यायलासुद्धा कुणी सापडेना.

संध्याकाळी म्हणालो, "आबा, दोरी तिथनंच जातीया."

"दोरी तू धरलीवतीस?"

"व्हय."

"मग जरा ढिली धरायचीस की रं."



विहीर बुजवायचं काम आमच्याच गँगला आलं. मुकादम म्हणाला, "तू आज घरी बस." मी बसलो नाही. आमची विहीर परक्यानं का बुजवावी? आबा काठाला बसून होते. मला वाटलं शिव्या देतील.

"त्या अंगाला हळू टाका रं," ते म्हणाले. "झरा हाय तिथं."

मी मातीची पाटी रिकामी केली आणि दुसरी भरायला गेलो.