सुशीलाबाईंची कोरी रेघ

गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवण्याआधी सुशीलाबाई दोन्ही तळवे स्टरलायझरच्या तापलेल्या झाकणाजवळ धरत. "गार हातानं पोर दचकतंय," म्हणत. माधवनगरच्या माझ्या प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या. नव्वदच्या दशकात मी सोनोग्राफीचं यंत्र घेतलं, तेव्हा पोटाला लावायच्या जेलची बाटलीही त्या कोमट पाण्यात ठेवू लागल्या. यंत्राचा त्यांनी केलेला मान तेवढाच.

कडेगावच्या एका फौजीची बायको सातव्या महिन्यात आली. जुळं होतं. पोटाचे चार भाग धरून मी चारही ठिकाणचं बाळांभोवतीचं पाणी मोजलं, बेरीज केली आणि 'पाणी पुरेसं' असं लिहिलं. सुशीलाबाईंचा हात अजून पोटावरच होता. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"आवं डॉक्टर, एक पवतंय, दुसरं कडंला चिकटलंय. कूस बदलली तरी हालत न्हाई."

"बेरीज बरोबर आहे, बाई."

"बेरीज दोघांची हाय. पोरं दोन, पिशव्या दोन. एकीत लय पाणी आन् दुसरी कोरडी असंल तर?"

"दोन पिशव्यांमधला पडदा तुमच्या हाताला दिसतो का?"

"न्हाई. तुमच्या यंत्राला तरी कुठं दिसतोय? मोठ्या दवाखान्यात धाडा तिला."

केसपेपरवरची शेवटची रेघ नर्सच्या शेऱ्यासाठी असे. त्यांनी पेन उघडलं. यंत्राविरुद्ध काही लिहायचं नाही, असं मी बजावलं. त्यांनी पेन बंद केलं. त्या बाईला मी पंधरा दिवसांनी बोलावलं.

पंधरा दिवसांनी एकाच बाळाचे ठोके लागले. दुसऱ्याभोवती पाणी नव्हतंच; पडदा त्याच्या अंगाला चिकटून बसला होता.

सासूनं विचारलं, "आदी कसं कळलं न्हाई?"

मी केसपेपर पुढे केला आणि कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "हाताला काही लागलं तर नर्सनं इथं लिहायचं असतं."

सुशीलाबाई तळवे शेकत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "ऱ्हायलं लिवायचं." आणि राहिलेल्या बाळाचे ठोके मोजायला आत गेल्या.

ते बाळ जगलं. नर्सच्या हलगर्जीपणानं दुसरं गेलं, ही गोष्ट कडेगावभर झाली. मी ती खोडून काढली नाही. महिन्याभरात सुशीलाबाई नोकरी सोडून साताऱ्याला भावाकडे गेल्या.

पुढे जुळ्यांमध्ये मी प्रत्येक पिशवीतलं पाणी वेगळं मोजू लागलो. सांगलीतले तरुण डॉक्टर विचारत, ही शिस्त कुठून आली. वाचनातून, असं मी सांगत असे.

यंदा सुशीलाबाई वारल्याचं कळलं. केसपेपर माझ्याकडे आहे आणि रेघ कोरीच आहे. तिथं यायला हवं होतं ते असं: 'एक मूल हलत नाही. दोघांचं पाणी वेगळं मोजावं. मोठ्या दवाखान्यात पाठवावं.' हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. लिहू मी दिलं नाही.