डाव्या हातातलं दुखणं

मी लातुरात मेडिकल प्रवेशाची परीक्षा पुन्हा देणाऱ्या रिपीटर बॅचला बायोलॉजी शिकवतो. करणी, भानामती असलं कुणी काढलं की त्याला दारातूनच वाटेला लावतो. आता मीच हे लिहितोय म्हटल्यावर माझी पोरं हसतील... हसू द्या.

सहा वर्षं झाली. सकाळचे अकरा वाजले होते, मी फळ्यावर छातीतल्या नर्व्ह काढत होतो. हृदयाकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जिथं शिरतात, तिथंच डाव्या हाताच्याही काही शिरतात. म्हणून मेंदू फसतो — बिघाड हृदयात, दुखतो हात. एवढं बोललो आणि माझाच डावा हात काखेपासून करंगळीपर्यंत असा ठणकला की खडू सुटला. मागून आवाज आला, "सर ॲक्टिंग करून राहिले!" वीसेक मिनिटांनी ठणका आपोआप गेला.

दुपारी निलंग्याजवळ गावी मायला फोन केला, तेव्हा बोलता बोलता सांगून बसलो. ती ऐकते होय! चारच्या आत एसटीनं लातुरात हजर. "चल, दवाखाना दाखव."

खरं सांगतो, शिकवतो सगळं, पण ईसीजीच्या टेबलावर झोपायचा मला धीर होईना. मायला हे ठाऊक. मी लहान असताना, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. तिथं सुई टोचायला आले की मी पळायचो, मग ती आधी स्वतःचा दंड पुढं करायची. त्या दिवशीही तेच!

"ताई, आधी माझं काढा. मग ह्यो झोपंल," ती ईसीजी काढणाऱ्या नर्सला म्हणाली.

तेहतीस वर्षांचा घोडा मी, लाजेनं मेलो.

कागद बाहेर आला, तशा त्या ताई डॉक्टरांना बोलवायला पळाल्या. नंतर माझा ईसीजी काढला, तो स्वच्छ. मायला मात्र अटॅक येऊन गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "जुनी शुगर आहे, हृदयाच्या नसा बधिर झाल्यात. म्हणून दुखलंच नाही. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं. आजी, सकाळी काही झालं होतं?"

"अकराच्या आसपास दरदरून घाम फुटला. भाकरी टाकत होते. चुलीची धग आसंल म्हणलं."



योगायोग? असेल. तोच विषय शिकवत होतो म्हणून मनानं घेतलं? तेही असेल. पण नेमकं अकरालाच? आणि जे दुखणं तिच्या स्वतःच्या मेंदूपर्यंत पोचलं नाही, ते कोणत्या नसेनं लातूरला आलं? एका न्यूरोच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. मी अजून पुस्तकं चाळतो, काही हाती लागत नाही.

स्टेंट बसल्यावर मायला मी हे सगळं सांगितलं. तिनं माझा हात ओढून घेतला आणि दंडापासून खाली चाचपत आली.

"मला तर कायबी दुखलं न्हाई," ती म्हणाली. "तुला लई दुखलं का रे?"