मॅडमनी पसंत केलेला कॉलम

आमच्या चाकणच्या कंपनीत गोळ्यांवर आवरण चढवायची पावडर बनते, पाण्यात विरघळणारी. एकदा गिऱ्हाईकाने अख्खा लॉट परत पाठवला. गोळ्यांवरचं आवरण सोलून निघत होतं. प्रॉडक्शनच्या सुपरवायझरांनी भर मीटिंगमध्ये खापर आमच्या लॅबच्या मॅडमवर फोडलं. लॉट पास केल्याची सही त्यांची होती ना!

मॅडमचं म्हणणं, ड्रायरमध्ये जास्त तापलेला माल चांगल्या मालात मिसळलाय. तापून रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. पण मिसळल्यावर लॅबच्या तपासणीत दाटपणा बरोब्बर बसतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. हे सिद्ध करायचं तर रेणू आकारानुसार वेगळे करणारी नळी हवी. तिलाच आम्ही कॉलम म्हणतो. आमच्याकडचा कॉलम होता फार बारीक छिद्रांचा. आमचे रेणू त्या छिद्रांत शिरतच नसत. लांब काय नि तुटके काय, सगळे एकदमच बाहेर पडत आणि आलेखावर एकच उंचवटा दिसे.

नवा कॉलम घ्यायला मंजुरी मिळाली तोवर मॅडम पिंपरीच्या हॉस्पिटलात होत्या. कॅन्सर. मी खाटेशेजारी बसून कॅटलॉग वाचून दाखवायचे आणि त्या नाकं मुरडायच्या, साडीच्या दुकानात बसल्यासारख्या.

"हा नको, छिद्रं बारीक आहेत. तो दुसराही नको. त्याचं आतलं भरण आपल्या मालाला धरून ठेवेल, निम्मा माल आतच राहील. मोठ्या छिद्रांचा घे गं, न चिकटणारा." मग डोळे मिटून म्हणाल्या, "मला खोटी ठरून जायचं नाहीये."

त्यांनी पसंत केलेलाच मागवला. तो परदेशातून यायचा होता. तो यायच्या आधीच त्या गेल्या.

कॉलम आल्यावर मी परत आलेल्या लॉटचं सॅम्पल लावलं. स्क्रीनवर एक उंचवटा उमटला आणि त्याच्या मागोमाग दुसरा, बुटका. तुटक्या साखळ्यांचा. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

मग सुपरवायझरांना बोलावलं. ते खेडकडचे. त्यांनी स्क्रीनवरच्या बुटक्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"व्हय, मिसळला व्हता आमी," ते हळूच म्हणाले. "मॅडमला तर ठावंच व्हतं."

माझं डोकंच फिरलं. मीटिंगमध्ये हे बोलायला तोंड शिवलं होतं का यांचं?

"त्यांना ठाऊक होतंच हो," मी म्हणाले. "त्यांना ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."