बेचाळिसावा वॉल्व्ह

माझा धाकटा भाऊ व्यंकोजी येलहंक्याच्या जुन्या वस्तीत वॉल्व्हमन होता. म्हणजे नळाला पाणी सोडणारा. लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे साडेचारला निघायचा, रस्त्यातलं एकेक झाकण उचलून वॉल्व्ह फिरवायचा. कुठला किती फेऱ्यांनी उघडतो, कुठला उलटा फिरतो, कुठला अर्ध्यात अडकतो, सगळं डोक्यात. कागदावर काही नाही. प्रत्येक नवा इंजिनियर पहिला आठवडा वही घेऊन याच्यामागे पळायचा. बावीस वर्षं कंत्राटावर काढली, पण ऐट बघावी तर कमिशनरची. "अक्का, मी एक दिवस झोपून राहिलो ना, तर अख्खी वस्ती मला शिव्या घालेल," म्हणायचा. मी म्हणायची, "झोपत नाहीस तरी आम्ही घालतोच, मेल्या."

कारण मी खालच्या गल्लीतली. आमच्या नळाला नवव्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं. मधले दिवस पाणी विकणाऱ्या दामोदरचा टँकर. भाऊ पाणी सोडतो आणि बहीण प्लॅस्टिकची बिंदगी, म्हणजे घागर, घेऊन टँकरमागे धावते, ही आमची शोभा! विचारलं की म्हणायचा, "पाइप जुना आहे गं, दाब नाही." मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर नाही ठेवायचा तर कुणावर?

गेल्या वर्षी वॉर्ड सुधारायला परदेशातून पैसा आला. युरोपातल्या कुठल्याशा सरकारने दिलेला. वॉर्डाचा आराखडा वरच्या साहेबांनी नाही, वॉर्डातल्या लोकांनीच करायचा, अशी त्यांची अट. त्या कामावर मुग्धा नावाची पुण्याची मुलगी होती. "काकू, हे सगळं पार्टिसिपेटरी आहे, म्हणजे तुम्हीच डिसाइड करणार," असं घरोघरी सांगत फिरायची. मी म्हटलं, "सरी, बरं गं बाई, मग आधी पाणी डिसाइड करू."

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. जमिनीवर भलामोठा नकाशा अंथरला होता. घरं, रस्ते सगळं छापलेलं, जमिनीखालचं मात्र काहीच नाही. मुग्धाचा साहेब, एक उंच गोरा, मांडी घालून खाली बसला आणि त्याने व्यंकोजीच्या हातात लाल पेन दिलं. मुग्धाने त्याचं बोलणं सांगितलं, "तुम्हाला जे माहीत आहे ते या शहरात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. सगळं दाखवा."

बावीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. माझा भाऊ नकाशावर रांगत सुटला. एकेक गोल काढायचा, बाजूला फेरे लिहायचा. लोक वाहवा करायला लागले, तसा तो फुलत गेला. एक्केचाळीस झाले. मग जरा थांबला, आणि दामोदरच्या टँकरच्या आवाराला लागून आणखी एक गोल काढला. काम अर्धवट ठेवणं त्याला कधी जमलंच नाही. हा वॉल्व्ह दाखवायचा नसतो, हे त्या भरात तो विसरला.

"हा कुठल्या गल्लीचा?" माझी शेजारीण यल्लव्वा हिने विचारलं. व्यंकोजीने पेनाचं टोपण लावलं. "कोण उघडतं हा?" त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं कळलं. अकरा वर्षांपूर्वी तुटायला आलेलं कंत्राट त्याला दामोदरनेच टिकवून दिलं होतं. त्या बदल्यात हा रोज पहाटे आमच्या गल्लीचं पाणी त्याच्या टाक्यांत सोडत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या सुनेने सातव्या महिन्यात बिंदग्या वाहिल्या होत्या, आणि पोटातलं पोर गेलं होतं. मी उठले आणि त्याच्या थोबाडीत मारली. तो नकाशावर आडवा झाला. मी पोटात लाथ घातली. एक नाही, दोन. मग साऱ्या बायका तुटून पडल्या. चपला, बिंदग्या, कुणी खुर्ची उचलली. तो हात जोडून पडला होता, ओरडलासुद्धा नाही. मुग्धाच किंचाळत होती. शेवटी त्या गोऱ्याने त्याच्यावर स्वतःचं अंग टाकून त्याला वाचवलं.

संध्याकाळी दिवेलागणीला दामोदरची तीन माणसं व्यंकोजीच्या घरी गेली. बायकोला, महानंदाला, स्वयंपाकघरात कोंडलं. त्याच्याच वॉल्व्हच्या लोखंडी चावीने त्याची उजव्या हाताची बोटं ठेचली, छातीत-पोटात बुटांनी तुडवलं. उद्या दहा वाजता मुग्धाच्या ऑफिसात जाऊन तो गोल चुकून काढला म्हणून सांग, नाहीतर बायकोला उचलू, म्हणाले.

महानंदाचा फोन आला तशी मी धावले. सकाळी जीव घ्यायला निघालेली मी, आता त्याच्या हाताला फडकी बांधत होते. रक्त थांबेना. दवाखान्यात चल म्हटलं, तर उद्या ऑफिस झाल्यावर म्हणाला. "व्यंकू, सांगून टाक चुकला म्हणून. गेलं ते पाणी खड्ड्यात. जीव ठेव."

"नाही अक्का. आता गोल पुसला, तर पुन्हा कुणी काढणार नाही. आणि तुझ्या नळाला जन्मात पाणी येणार नाही."

"माझ्या नळाचा पुळका आज आला होय रे?" मी ओरडले आणि रडायलाच लागले.

दहा वाजता पोट धरून तो ऑफिसात उभा राहिला. आम्ही बायका मागे. मुग्धाने विचारलं, "तो वॉल्व्ह खरंच तिथे आहे का? खात्री असेल तरच आराखड्यात जाईल." तो म्हणाला, "आहे. अकरा वर्षं मीच उघडला. लिहून घ्या, आणि चला, बुजवला असला तरी खणून दाखवतो."

दामोदरच्या आवाराजवळ रातोरात टाकलेल्या मातीखाली दोन फुटांवर लोखंड लागलं. दामोदरची माणसं दांडके घेऊन धावून आली तशी बायकांनी खड्ड्यातलेच दगड उचलले. टँकरच्या काचा फुटल्या, एकाचं डोकं फुटलं, पोलीस आले. त्या गोंधळात व्यंकोजी फुटपाथवर बसला होता. मी वळून बघते तर तो रक्त ओकत होता. तीन वाजता दवाखान्यात त्याचा जीव गेला. पोटातली प्लीहा फाटली होती, डॉक्टर म्हणाले. कुठल्या माराने, ते सांगता येत नाही.

वॉल्व्ह त्याच दिवशी बंद केला. संध्याकाळी गल्लीत नळ धो धो वाहिले. आम्ही पाणी भरलं. मीही भरलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पोलिसांत जबाब. यल्लव्वाने साऱ्यांना बजावलं होतं, "हॉलमधलं कुणी बोलायचं नाही. दामोदरच्या माणसांनीच मारलं म्हणायचं. नाहीतर सुटतील मेले." खरं होतं तिचं. महानंदा माझा हात घट्ट धरून शेजारी बसली होती. दोन दिवसांत तिला माझाच काय तो आधार. सभेत मीही हात उचलला होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणखी कुणी मारलं होतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

व्यंकोजीने स्वतःचा गुन्हा सगळ्यांसमोर नकाशावर मांडला होता. माझा मी झाकून ठेवू?

"लिहा, साहेब," मी म्हटलं. "रविवारी सकाळी, हॉलमध्ये. पोटात पहिली लाथ माझी."

महानंदाने हात सोडला.