गावच्या पोरीला गावात पोस्टिंग

नर्सिंग कॉलेजात पोरींची पोस्टिंग लावणं हे काय काम आहे, ते माझ्या आईला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं मी बारामतीत फळ्यावर शिकवते. शिकवते की! पण निम्मा आठवडा माझा फोनवर जातो. कुठली बॅच कुठल्या वॉर्डात, इंदापूरची एसटी वेळेत पोचते का, आणि एकाच लेबर रूमसमोर दोन कॉलेजांच्या पोरी एकाच सकाळी जाऊन उभ्या राहिल्या तर तिथल्या इन्चार्ज सिस्टर कुणावर ओरडणार. शेवटच्याचं उत्तर मला पाठ आहे. माझ्यावर.

मी पिंपळीची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, हे मी कुठंही मान वर करून सांगते. आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, ड्युट्या केल्या, मग बीएस्सी. तरी गावाकडच्या पंगतीत शेजारची बाई विचारतेच, "म्हंजी आता डॉक्टर झालीस का?" नाही म्हटलं की तिचा चेहरा पडतो. मग एएनएम म्हणजे काय, जीएनएम म्हणजे काय, पुढं बीएस्सी कशी करतात, हे समजावता समजावता माझ्या पानातलं वरण गार होतं, आणि शेवटी ती म्हणते, "व्हय, पन म्हंजी सुई टोचायचीच ना?"

पोस्टिंगच्या बाबतीत माझा एक नियम आहे. कागदावर तो कुठंही नाही, माझा आहे. कुठल्याही पोरीला तिच्या स्वतःच्या गावात टाकायचं नाही. परक्या गावात ती पांढरा कोट घालून उतरली की सिस्टर असते. स्वतःच्या गावात ती फक्त कुणाची तरी पोरगी असते.

हा नियम मोडला तो कळंबच्या बाजूच्या एका बागायतदारानं. गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही म्हणते. त्यांची मुलगी आमच्याकडं शेवटच्या वर्षाला होती. बॅचची गावातली पोस्टिंग चालू असताना तिला डेंग्यू झाला आणि ती महिनाभर घरी पडून राहिली. बाकीच्यांचं काम उरकलं, हिचं राहिलं. काम म्हणजे दिवस भरत आलेल्या एका गरोदर बाईला शेवटपर्यंत बघायचं. तपासायचं, बाळंतपणाला सोबत राहायचं, नंतर घरी जाऊन आई-बाळाची काळजी घ्यायची. हे झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आता ती एकटीच उरली होती आणि परीक्षा तोंडावर आली होती.

"मॅडम, वर्ष गेलं तर तात्या मला परत पाठवणार न्हाईत," ती मला जिन्यात म्हणाली. रडत नव्हती. हवामान सांगावं तसं सांगत होती. ते मला जास्त लागलं.

मी तिच्यासाठी भिगवणजवळचं एक गाव ठरवलं. तिथल्या सिस्टर माझ्या ओळखीच्या, राहायची सोयही बघून ठेवली. तर दुसऱ्या दिवशी तात्या पेरूची क्रेट घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये हजर.

"लांब कशाला धाडता, सर? आमच्या गावात उपकेंद्र हाय की. घरचं खाईल, घरात झोपंल. अन गावाला बी कळू द्या, आमची पोरगी काय शिकलीय ते."

"तात्या, गावात तिला कुणी हात लावू देणार नाही," मी म्हटलं.

"मॅडम, गाव आमचंय का तुमचं?"

प्राचार्यांनी एका पेरूचा वास घेतला आणि म्हणाले, "करा ॲडजस्ट." आमच्याकडं हे दोन शब्द उच्चारले की बोलणाऱ्याचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. पेरू गोड होते, खोटं कशाला बोलू.

आठवडाभरानं मी बघायला गेले. उपकेंद्राच्या सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या गावात गेलेल्या. आमची पोरगी खुर्चीवर बसलेली, समोर पोह्यांची ताटली, भोवती चार बाया. तपासायला कुणीच आलेलं नव्हतं, सगळ्या हिला बघायला आल्या होत्या.

"किती वाळलीस गं!"

"लगीन कवा करनार हायेत तुझं?"

एका म्हातारीला मीच पुढं बसवलं आणि पोरीला म्हटलं, बीपी घे. म्हातारीनं हात मागं ओढला. "तुझा शेंबूड पुसलाय मी. तू मला पट्टा बांधती व्हय? ह्या बाईस्नी बांधू दे." मग मी बांधला. माझा शेंबूड तिनं पुसला नव्हता एवढीच माझी लायकी.

बाया गेल्यावर मी विचारलं, "गरोदर बाई मिळाली?"

"गावात दिवस भरत आलेली एकच हाय, मॅडम. माझीच चुलत बहीण. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलीय."

"मग अजून काय पाहिजे?"

तिनं मान खाली घातली. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून तात्यांचं आणि त्यांच्या भावाचं वाजलं होतं. आधी पाणी, मग बांध, मग बोलणं बंद. दोन्ही घरं एका बांधावर, पण एकमेकांच्या दारातनं जायचं नाही. हे घरचं खाऊ घालणाऱ्या तात्यांनी केबिनमध्ये सांगितलं नव्हतं. का सांगतील? गाव त्यांचंय.

"आणि ती तपासणीला इथं येते ना?"

"सासरी असताना नीट जायची. हितं आल्यापासून न्हाय आली. काकू म्हणती, तिथं ती बसलीय, तिथं आपण जायचं न्हाय."

शिकायला बसवलेल्या पोरीमुळं एक पोटुशी बाई दवाखान्याची पायरी चढत नव्हती. मी मनातल्या मनात प्राचार्यांच्या डोक्यावर पेरूची क्रेट उपडी केली.

"उद्याच तुला भिगवणला हलवते," मी म्हटलं. "तुझ्या बहिणीकडं सिस्टर जाऊन येतील."

ती जागची हलली नाही. "मॅडम, एक सांगू? काल ती दारात उभी होती, मी बांधावरनं बघितलं. तिच्या पायात माझ्या चुलत्याच्या, म्हंजी तिच्या बापाच्या चपला होत्या."

"मग?"

"तिला चपलांची लई हौस हाय. साधी न्हाय घालायची कधी. चुलत्याच्या चपला म्हंजी ह्या एवढाल्या. पाय सुजल्याबिगर ती त्या घालायची न्हाय."

मी बीपीचं मशीन पिशवीत टाकलं. "चल."

"मी बी?"

"तू बी."

काकू अंगणात भाजी निवडत होत्या. मला बघून उठल्या, माझ्यामागं कोण आहे ते बघून परत बसल्या. "तुमी या, बाई. तिला म्हनावं, तितंच थांब."

"काकू, ही माझी विद्यार्थिनी आहे."

"व्हय, अन बांध कोरनाऱ्याची लेक बी हाय."

"बांध हिनं कोरला का?"

"हिच्या बापानं कोरला!"

"मग बापाला उंबऱ्यावर थांबवा. हिला आत येऊ द्या, पाय सुजलेत तुमच्या लेकीचे."

भाजी निवडणारा हात थांबला. "तुमाला कुनी सांगितलं?"

तेवढ्यात लेक आतून बाहेर आली, पायात त्याच चपला. बहिणींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघीही दुसरीकडं बघायला लागल्या. मी विचारलं, डोकं दुखतं का? "दोन दिवस झालं. उन्हानं आसंल." मी मशीन काढलं आणि आमच्या पोरीच्या हातात दिलं. काकूंनी तोंड उघडलं, पण लेकीनंच हात पुढं केला. "बांध गं," ती म्हणाली. "लई घट्ट नको."

पोरीनं बीपी घेतलं, मला आकडा सांगितला, मी परत घेतलं. तोच आला. जास्त होता, आणि अशा दिवसांत तो आकडा घरी ठेवण्यासारखा नव्हता. मी सिस्टरना फोन केला, गाडी मागवली. काकू साडी बदलायला आत पळाल्या आणि आतूनच विचारलं, "गाडीत कोन कोन बसनार?"

"तुम्ही, लेक आणि ही," मी म्हटलं. गाडी आली आणि तिघी बसल्या.

बाळंतपण बारामतीत झालं. आई आणि मुलगी दोघी सुखरूप. आमची पोरगी लेबर रूममध्ये शेवटपर्यंत तिच्या उशाशी उभी होती.

एवढ्यावर संपेल असं वाटलं तर कॉलेज तुम्हाला माहीत नाही. प्राचार्य म्हणाले, "पण केस दवाखान्यात झाली. गावातल्या पोस्टिंगमध्ये धरायची कशी?" मी म्हटलं, गावात सापडली, गावातून आणली, आता गावात परत जाईल आणि ही घरी जाऊन बघेल. धरायची नसेल तर तुम्ही स्वतः कळंबला चला आणि बीपी जास्त असताना घरी बाळंतपण कसं करतात ते ह्या पोरींना दाखवा. ते म्हणाले, "चिडू नका, मॅडम. करा ॲडजस्ट." ह्या वेळी ते दोन शब्द मला चालले.

बाळ घरी गेल्यावर मी तिच्यासोबत एकदा गेले. काकूंनी बाळ तिच्या हातात दिलं, चहा दिला, आणि तात्यांचा विषय निघाल्यावर तोंड फिरवलं ते फिरवलंच. पाण्याची पाळी अजून तशीच आहे. पोरगी परीक्षेला बसली.

शेवटच्या पेपरला तात्या तिला न्यायला कॉलेजात आले. गेटवर मला गाठून, चारचौघांत, मोठ्यांदा म्हणाले, "बघा मॅडम! मी म्हनलं नव्हतं, गावातच द्या म्हनून? दुसऱ्या गावच्या पोरीला चपला कुनाच्या ते कळलं आसतं का?"

मला खूप काही सांगायचं होतं. तुमची लेक तिथं बसली नसती तर ती बाई आधीच तपासायला आली असती, हे सांगायचं होतं. पण चपलांचं त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला सहन होईना. पोरगी मागं उभी राहून माझ्याकडं बघत होती, ओठ दाबून.

"तात्या," मी म्हटलं, "पुढच्या वेळी क्रेट प्राचार्यांकडं नको. माझ्याकडं आणा."

नियम मी बदललेला नाही.