सोलो घरमालकाचा

जर्मनीत, न्युरेम्बर्गच्या आमच्या कॉयरला, म्हणजे समूहगानाच्या मंडळाला, सोल संगीताचं भारी वेड. गुरुवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जमायचो. सगळ्यांचं लाडकं गाणं अमेरिकेतल्या एका काळ्या वस्तीतलं होतं. ऐन थंडीत घरमालक एका कुटुंबाला बाहेर काढतो, आणि रस्त्यावर सामानाशेजारी बसलेली आई अख्ख्या शहराला जाब विचारते. त्यातला सोलो, एकट्याने गायचा भाग, आमच्या टेनरचा, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा. डोळे मिटून गायचा. परक्याच्या गरिबीवर इतकं सुरात रडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हाच टेनर माझ्या शेजारणीचा घरमालक. शेजारीण सत्तरीची, एकटी, कॉयरमध्ये माझ्या बाजूला उभी राहायची. माझ्या मुलीला तिनेच सांभाळलं. मुलगी तिला ओमा, आजी म्हणते. एक दिवस तिला घर सोडायची नोटीस आली. टेनरच्या मुलाला ते घर हवं होतं.

"अहो, असं कसं काढतात कुणाला?" मी नवऱ्याला विचारलं.

"आयगेनबेडार्फ. मालकाला घरच्यांसाठी जागा हवी असली की काढता येतं. कायद्यात बसतं ते."

कायद्यात बसतं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पुढच्या गुरुवारी गाणं संपल्यावर मी सगळ्यांसमोर टेनरला विचारलं, "हे गाताना तुम्हाला माझी शेजारीण आठवत नाही का?"

तो लाल झाला. बाकीचे खाली बघू लागले. आमची संचालिका म्हणाली, "आल्झो, हे प्रिवाट आहे, खासगी. इथे आपण फक्त गातो."

शेजारणीने माझी बाही ओढली. "राहू दे गं. कॉयर तरी उरू दे मला."

तेही उरलं नाही. शहरात परवडेल असं घर तिला मिळेना, शेवटी ती दूरच्या खेड्यात बहिणीकडे निघाली. आमच्याकडे रीत अशी, की कुणी सोडून चाललं की त्याच्या दारात जाऊन गायचं. कुठलं गाणं, हे तिला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांचं लाडकं तेच ठरलं.

ट्रक उभा होता. फुटपाथवर तिची आरामखुर्ची, शिवणयंत्र, खोकी. आणि त्या सामानाभोवती अर्धगोल करून आमचा कॉयर! जनाची नाही तर मनाची तरी? मी तोंड घट्ट मिटून तिच्याजवळ उभी राहिले. टेनरने डोळे मिटले आणि त्या आईचा प्रश्न जीव ओतून गायला. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

गाणं संपलं. त्याने रुमालाने डोळे पुसले आणि जवळ येऊन हात पुढे केला. निरोप घेतोय असं वाटून तिने आपला हात त्याच्या हातात दिला. त्याने तो हलवला, सोडला, आणि तळवा तसाच उघडा ठेवला.

घराच्या किल्ल्यांसाठी.