मामांनी पसंत केलेलं पिल्लू

वैभववाडीपासून रेडीपर्यंत शिकारी कुत्र्याच्या पिल्लाची पारख आमच्या हिच्या धाकट्या मामांइतकी कोणाला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन. माणसांची पारख मात्र त्यांना शून्य. नाहीतर भाचीसाठी मला कशाला पसंत केलं असतं? आणि पसंत तरी कसं! पोहे पुढे येण्याआधी मला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या, माझे घोटे निरखले आणि आत तोंड करून जाहीर केलं, "पाय बरे आसत. कान जरा पडके." आमची ही अजून भांडणात माझे कान काढते.

पंचाहत्तरीचा हा माणूस साऱ्या जगाशी मालवणीत बोलतो, पण कुत्र्यांशी थेट कचेरीतलं मराठी. कुत्र्याचं नाव सुभेदार, आणि त्याला अहो-जाहो. "सुभेदार, भातात डुकरं शिरली आहेत, जरा पाहून या." आणि सुभेदार खरंच पाहून येई! मी एकदा न राहवून कारण विचारलं. मामा म्हणाले, "मालवणीत सांगल्यार तो आपल्याक घरचो समाजता. घरचो कोण ऐकता काय, जावयबापू?" मामी गेल्या, मुलगा मुंबईला राहिला, तेव्हापासून त्या घरात दिवसभर शुद्ध मराठीच ऐकू यायचं.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही मामांच्या गावच्या जत्रेला गेलो होतो. सुभेदाराला पाहून आमच्या धाकटीने भोकाड पसरलं, आणि मीच शहाणा म्हणालो, "मामा, बांधा हो त्याला जरा." जन्मात कधी न बांधलेला तो कारवानी जातीचा शिकारी कुत्रा मामांनी फणसाला बांधला. तिन्हीसांजेला आम्हाला एस्टीवर पोचवायला ते रस्त्यापर्यंत आले आणि त्याला सोडायचं राहिलं. ते माघारी जाईपर्यंत बिबट्या येऊन गेला होता. मोकळा असता तर पळाला तरी असता. मला हे चार दिवसांनी शेजाऱ्यांकडून कळलं. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. अहो, बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते कोणाशीच बोलेनात. काजू पिकून झाडाखाली पडले, तेही वेचले नाहीत. एकट्याने त्या घरात हा माणूस फार दिवस काढणार नाही, अशी मला धास्ती लागली.

म्हणून वैभववाडीजवळच्या एका बागायतदाराकडे कारवानी कुत्री व्यायल्याचं कळताच मी मित्राची गाडी मागून घेतली, तिच्यात टोपली ठेवली आणि मामांना जवळजवळ उचलूनच नेलं. सहा पिल्लं होती. ती बघताच मामांची पाठ सरळ झाली. आधी रीतसर गाऱ्हाणं! "बा देवा म्हाराजा, ह्या सहांतला जा खरा आसात, ता माज्या हातात येवंदे म्हाराजा!" बागायतदार, त्याची बायको आणि मी, तिघंही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मग नख्या मोजल्या. ज्याच्या वीस भरल्या नाहीत ते बाजूला. मागून ताट वाजवलं. दचकलं ते बाजूला. मानगुटीला धरून उचलल्यावर केकाटलं ते बाजूला. शेवटी एक तांबूस पिल्लू उरलं. ते मामांच्या मांडीवर चढलं आणि त्यांचा उजवा तळहात चाटू लागलं. मामा वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "खंय होतंस रे झिला इतके दिवस?"

मालवणीत! आणि झिला, म्हणजे लेका! माझ्या मनात आलं, जमलं. मी टोपली आणायला धावलो.

परत आलो तर पिल्लू बागायतदाराच्या हातात. मामा त्याला सांगत होते, "बरो आसा. एकदम बरो. कोणाक तरी चांगल्या माणसाक दी." मला राहवलं नाही. "मामा, त्या दिवशी चुकी माझी होती. मी बांधायला सांगितलं. तुम्ही का स्वतःला शिक्षा करून घेता?" मामांनी टोपीतली धूळ झटकली. "तुमी नुसता बोललास, जावयबापू. साखळी मी अडकवलंय. तो माज्याकडे बघी होतो." मी रिकामी टोपली गाडीत टाकली आणि निघालो.

वाटेत मामांनी दोनदा उजवा तळहात नाकाशी नेला. मला वाटलं, घाटातल्या वळणांनी मळमळत असेल. घरी पोचल्यावर हात धुवायला मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "रवांदे," आणि हात मागे घेतला. हिने डब्यातून बांगड्याचं तिखलं आणि भात दिला होता. मी पान वाढलं. जन्मभर पाचही बोटं भातात बुडवून जेवलेल्या त्या माणसाने उजवी मूठ मिटून छातीशी धरली आणि मला डाव्या हातासाठी चमचा मागितला.